शेकडा कशाचा?

मृग तोंडावर आला आहे. राब भाजून झाले, नांगरटी उरकत आल्या आणि खताच्या दुकानांपुढे गर्दी दिसू लागली आहे. अशा दिवसांत शेतीच्या पानावर पोरांच्या गणिताविषयी लिहायला बसावे हे काही वाचकांना अवेळी वाटेल. पण हा विषय आम्हाला मोऱ्याला सापडला आणि तोही मिठाच्या बादलीपाशी, म्हणून त्याची जागा याच पानावर आहे असे आम्ही समजतो.

गेल्या हंगामात मोऱ्याला भाताच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. पंचवीस-तीस शेतकरी जमले होते आणि त्यांच्यामागे सुटीतली पोरे. बादलीत दहा लिटर पाणी मोजून घेतले आणि सहज पोरांना विचारले, "तीन टक्के मिठाचं द्रावण करायचंय. मीठ किती टाकू?" एकजण म्हणाला, तीस. तीस काय, असे विचारल्यावर गप्प. दुसऱ्याने तीन किलो सांगितले. तिसऱ्याने बोटाने हवेत गुणाकार केला आणि ठासून सांगितले, तीस ग्रॅम. मागची मोठी माणसे हसली. त्यांना 'दहा लिटरला तीनशे ग्रॅम' हे पाठ आहे, वर्षानुवर्षे आम्हीच ते सांगत आलो आहोत. "बरं काका, बादली पंधरा लिटरची असेल तर?" असे विचारल्यावर मात्र हसणे थांबले. इतक्यात सहावीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "साहेब, टक्के कशाचे? पाण्याचे का?"

आजच्या लेखाचा विषय म्हणजे हा तिचा प्रश्न.

लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे हजार ग्रॅम. दहा लिटरचे दहा हजार ग्रॅम झाले. शंभराला तीन, तर दहा हजाराला तीनशे. गणित चौथी-पाचवीचे आहे. त्यातले गुणाकार त्या तिन्ही पोरांना येत होते, पाढेही पाठ होते. अडले कुठे, तर गुणाकार करायच्या आधी जे समजून घ्यायचे असते तिथे. आणि चुकीची किंमत शेतात लगेच मोजावी लागते. तीस ग्रॅम मीठ म्हणजे बादलीभर पाण्यात दोन चमचे. त्यात पोकळ दाणेसुद्धा खाली बसतील आणि आपण ते पेरू. तीन किलो टाकले तर चांगले बीही वर तरंगेल, आणि ते पोचट समजून आपण कोंबड्यांपुढे टाकू.

शाळेत याला शाब्दिक उदाहरण म्हणतात. नुसती बेरीज-वजाबाकी मांडून दिली की मुले झरझर सोडवतात. तीच बेरीज दोन वाक्यांच्या गोष्टीत घातली की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघू लागतो. गुरुजी-बाईंना विचारले तर ते सांगतात, मुलांना वाचताच येत नाही. पालक म्हणतात, आमच्या पोराचे डोके गणितात नाही. आमच्या मते दोघांचेही निदान अपुरे आहे.

कारण हेच पोर आईबरोबर पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसते तेव्हा काय करते ते बघा. पस्तीस रुपयांचा वाटा, तीन वाटे घेतले, गिऱ्हाइकाने दोनशेची नोट दिली. पोर पंचाण्णव रुपये परत देते. कागद नाही, पेन नाही. आणि तेच गणित पुस्तकात 'एका वाट्याची किंमत ३५ रुपये असल्यास' असे आले की अडते. आपल्या एकट्याच्या गावची ही गोष्ट नाही. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली, ती २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आली. बाजारातली मुले तोंडी हिशोब बिनचूक करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितात अडत होती. ज्यांनी कधी बाजारात बसून विक्री केलेली नाही अशा शाळकरी मुलांचे उलटे होते. वहीतले गणित येई, बाजारातला व्यवहार जमेना. डोके दोन्हीकडे होते. एकीकडून दुसरीकडे जायला पूल नव्हता.

हा पूल बांधायची रीत काही गुप्त नाही. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज पोल्या नावाचे मोठे गणिती होऊन गेले. त्यांनी १९४५ साली एका छोट्या पुस्तकात ती चार पायऱ्यांत सांगितली: प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, बेत पार पाडा, मागे वळून उत्तर तपासा. आपल्या जुन्या मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर काय दिले आहे, काय काढायचे आहे, रीत कोणती आणि शेवटी ताळा. शब्द सगळे ओळखीचे आहेत. बिघडते ते असे की वर्गात पहिल्या पायरीला अर्धा मिनिट मिळतो, तिसरीला अर्धा तास, आणि ताळ्याला घंटा होते.

पहिल्या पायरीवर जरा थांबू, कारण सगळे पाणी तिथेच मुरते. वेळ कमी म्हणून अनेक ठिकाणी मुलांना खुणेचे शब्द शिकवतात. 'एकूण' दिसले की बेरीज करा, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसले की भागाकार. परीक्षेपुरते ते चालून जाते. आता हे उदाहरण बघा. एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला १५ पेंढ्या दिल्या, त्याच्याकडे ४० उरल्या, तर आधी किती होत्या? 'उरल्या' शब्द पाहून पोर चाळीसातून पंधरा वजा करते आणि २५ लिहिते. दिल्यावर चाळीस उरल्या, मग देण्याआधी पंचवीस कशा असतील, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, कारण त्याने गोष्ट वाचलेलीच नसते. त्याने फक्त एक शब्द शोधलेला असतो. खुणेचे शब्द शिकवणे म्हणजे तणनाशक मारून भातही जाळण्यासारखे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे १९८० साली शिक्षकांनी मुलांना मुद्दाम एक वेडे गणित घातले होते. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरून काही ना काही वय काढून दाखवले. मेंढ्यांवरून कप्तानाचे वय कसे निघेल, असे त्यांनी विचारले नाही. शाळेत आकडे दिले की उत्तर द्यायचे, एवढेच ती पोरे शिकली होती. आपल्याकडे हे गणित घातले तर काय होईल, ते ज्याने त्याने आपल्या घरी करून पाहावे.

मग पहिली पायरी कशी चढायची? मुलाने उदाहरण मोठ्याने वाचावे, पुस्तक मिटावे आणि आकडे न घेता ती गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. आगरी बोलीत सांगू दे, कोळी बोलीत सांगू दे, वाडीवरच्या ठाकूर-कातकरी मुलाला त्याच्या बोलीत सांगू दे. "एकानं शेजाऱ्याला पेंढ्या दिल्या, त्याच्याकडं काही राहिल्या, पयल्या किती होत्या ते इचारलंय." एवढे सांगता आले की निम्मे गणित सुटले. पुस्तकी मराठीचा अडसर खरोखरच मोठा असतो. जो गुरुजी बोलीला हसतो, त्याच्या वर्गात पोर तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडणाऱ्या पोराचे नेमके काय चुकते हे कोणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट अंदाजाची. आकडेमोड करायच्या आधी, उत्तर दिलेल्या आकड्यापेक्षा मोठे येईल की लहान, एवढे तरी बोलून दाखवावे. याची किंमत प्रस्तुत लेखकाला चांगली ठाऊक आहे. कृषी पदविकेच्या पहिल्या वर्षी परीक्षेत प्रश्न होता: भाताला हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे आहे, युरियात ४६ टक्के नत्र असते, तर युरिया किती लागेल? आम्ही झटकन शंभराचे ४६ टक्के काढले आणि लिहून दिले, ४६ किलो. शून्य मार्क पडले. सरांनी वर्गात उभे केले आणि एकच विचारले, "युरिया नत्रापेक्षा जास्त लागेल का कमी?" शंभर किलो युरियात नत्र भरते ४६ किलो, मग शंभर किलो नत्रासाठी युरिया शंभरापेक्षा जास्तच लागणार, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागावे याची लाज वाटली. उत्तर २१७ किलो. आमच्या ४६ किलोत नत्र भरले असते फक्त २१ किलो. तो भोपळा अजून कामाला येतो. आजही खताचा हिशोब करताना आधी तोंडाने म्हणतो, जास्त येणार, आणि मगच पेन उचलतो.

आणि इथेही तोच प्रश्न, शेकडा कशाचा? ४६ टक्के हे युरियाचे होते, आम्ही ते नत्राचे काढले.

या एका प्रश्नाची किंमत पनवेल-उरणच्या माणसाला नव्याने सांगायला नको. नवी मुंबईसाठी १९७० नंतर या दोन्ही तालुक्यांतल्या आणि ठाण्याकडच्या गावांच्या जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा सारा इतिहास पोरांनाही माहीत असतो. आता याचे गणित घाला. एका शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन गेली. साडेबारा टक्के भूखंड मिळणार, त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कापले जाणार. हातात किती?

एका शाळेत आम्ही हे उदाहरण घातले होते. एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, "साडेबारातून तीस जातच नाहीत." त्याचे म्हणणे खरे होते! तो निदान विचार तरी करत होता. दुसऱ्याने चाळीस गुंठ्यांचे तीस टक्के, म्हणजे १२ गुंठे काढले आणि ते पाच गुंठ्यांतून कसे वजा करायचे म्हणून वही मिटून बसला. तीस टक्के जमिनीचे नाहीत, मिळणाऱ्या भूखंडाचे आहेत, हे एकदा धरले की वाट मोकळी होते. चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. पाचाचे तीस टक्के म्हणजे दीड. उरले साडेतीन गुंठे. गुंठ्याचे १०१ चौरस मीटर धरले तर साडेतीनशेच्या थोडे वर. साडेबारा टक्के म्हणत म्हणत हातात प्रत्यक्ष पडतात पावणेनऊ.

वर्गाच्या दारात एक आजोबा नातवाला न्यायला आले होते. शाळा त्यांनी चौथीतच सोडलेली. ते तिथूनच म्हणाले, "साडेबारा टक्के म्हंजे रुपयातले दोन आणे. त्यातले तिसांनी कापले तर दीड आणाबी नाय हातात." बरोबर! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेली ती पिढी. टक्के त्यांना परके, आणे आपले. पण 'कशातले' हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला होता. ज्या पिढीने दाखल्यांवर अंगठे उठवले, तिच्यातल्या सगळ्यांना हे जमत नव्हते, आणि ज्यांना जमत नव्हते त्यांच्याकडून मधल्या दलालांनी काय काय लिहून घेतले ते प्रत्येक गावात सांगणारे लोक आहेत.

कर्जाचे तसेच. 'शेकडा दोन' म्हणून वीस हजार उचलले. शेकडा दोन दरमहा असेल तर महिन्याला ४०० रुपये आणि वर्षाला ४८०० होतात; म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. कागदावर 'दरमहा' हा शब्द बारीक अक्षरात असतो. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना असे रोजच्या व्यवहारातले प्रश्न विचारले होते. किमान वजाबाकी येणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना खर्चाचा मेळ घालता आला, सवलतीचा हिशोब सुमारे ३७ टक्क्यांना जमला, आणि कर्जफेडीची रक्कम काढता आली जेमतेम दहा टक्क्यांना. हीच मुले दोन-चार वर्षांत हप्त्यावर मोटारसायकल घेणार आहेत.

आता ताळ्याविषयी. उत्तर काढून झाले की ते परत गोष्टीत ठेवून पाहायचे. फवारणीचे उदाहरण घ्या. वीस गुंठ्यांना १०० लिटर द्रावण लागते, लिटरला दोन मिली औषध, पंप १५ लिटरचा. तर किती पंप आणि पंपाला किती औषध? मुले शंभराला पंधराने भागतात आणि लिहितात, सहा, बाकी दहा. भागाकार बरोबर. पण बाकी दहा म्हणजे काय? बाकी दहा म्हणजे सातवा पंप, दहा लिटरच भरलेला, आणि त्यात औषध तीस नाही, वीस मिली. हे न कळल्यामुळे आपले कितीतरी शेतकरी शेवटच्या अर्ध्यामुर्ध्या पंपात पुरे झाकण ओततात आणि बांधाकडेची रोपे करपली की औषधाला शिव्या देतात.

आम्ही कृषी खात्याची माणसेही यात धुतल्या तांदळासारखी नाही. आमच्या घडीपत्रिकांत सगळे हेक्टरी छापतो. इकडे माणशी दहा-वीस गुंठे, तेही चार ठिकाणी विखुरलेले. हेक्टरचे गुंठ्यात आणायचे गणित आम्ही शेतकऱ्याच्या माथी मारतो आणि वर म्हणतो, शिफारस पाळत नाहीत. त्यात युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. शेतकरी अजून गोण्यांवरच हिशोब करतात. हेक्टरी २१७ किलो म्हणजे दहा गुंठ्यांना सुमारे बावीस किलो, म्हणजे जवळजवळ अर्धी गोणी, आणि तीही एकदम न टाकता हप्त्यांनी द्यायची. एवढे वाक्य घडीपत्रिकेवर छापले असते तर किती बरे झाले असते.

शाब्दिक उदाहरण हे काही नवे खूळ आहे असेही कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली ती अशाच गणितांनी भरलेली आहे. त्यात भुंगे आहेत, हंस आहेत, बिळाकडे धावणारा साप आणि खांबावरचा मोर आहे, व्याजाचे आणि धान्याच्या भावाचे व्यवहार आहेत. त्यांच्या नातवाने विद्येसाठी काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडला. त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा अशी तिघांची नावे आधी लावायची आणि मग गुणायचे-भागायचे. म्हणजे 'काय दिले, काय काढायचे' हेच. इच्छा म्हणजे जे आपल्याला हवे ते. शब्द किती नेमका आहे!

मोऱ्याच्या आणि आसपासच्या गावांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आमची मागणी लहान आहे. समितीच्या सभेत पोषण आहार, पाण्याची टाकी, कंपाउंड यांचे विषय होतात आणि सह्या होतात. त्यात दर महिन्याला अर्धा तास असा ठेवावा की गावातल्या एकाने आपला खरा हिशोब शाळेत मांडावा. सरपंचांनी पाणीपट्टीची थकबाकी, ग्रामसेवकांनी घरपट्टीची आकारणी, तलाठी भाऊसाहेबांनी सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर, बचत गटाच्या ताईंनी व्याजाचे खाते, मच्छीवाल्या मावशींनी बर्फ आणि वाट्यांचा खर्च. नावे वगळावीत, आकडे खरे असावेत. गुरुजींनी लगेच फळ्यावर सोडवून दाखवू नये, हे मात्र बजावून सांगतो. मुलांनी आधी गोष्ट सांगावी, मग अंदाज, मग आकडेमोड, मग ताळा. आणि उत्तर चुकले तर कुठल्या पायरीवर चुकले ते मुलाकडूनच काढून घ्यावे. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती खरी आहे. आठवड्याला पाचाऐवजी दोनच उदाहरणे होतील. होऊ द्या. दहा उदाहरणे उतरवून घेतलेल्या मुलापेक्षा दोन समजलेले मूल परीक्षेतही पुढे राहते, असे हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांचे सांगणे आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

घरी आईबापांनी शिकवायला बसण्याची गरज नाही. "आज कुठलं गणित केलं, त्याची गोष्ट सांग" एवढेच विचारावे. गोष्ट सांगता आली नाही तर गणित झालेले नाही, मग वहीत बरोबरची कितीही चिन्हे असोत.

येत्या पंधरवड्यात मोऱ्याला पुन्हा मिठाच्या द्रावणाचे प्रात्यक्षिक आहे. खारजमिनीत पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ लावणाऱ्यांनी आपले बी बरोबर आणावे, आणि सुटीत घरी असलेल्या पोरांनाही आणावे. या वेळी 'दहा लिटरला तीनशे ग्रॅम' आम्ही सांगणार नाही. बादल्या वेगवेगळ्या मापाच्या ठेवू, मीठ आणि तराजूही ठेवू. किती टाकायचे ते पोरांनी सांगायचे, आणि बी वर तरंगते की खाली बसते ते मोठ्यांनी बघायचे.